नळ नवा, नट गळका: टेप कुठे लावायचा आणि कुठे नाही

प्रश्न: आमची कोथरूडमधली जुनी, चार मजली इमारत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, टाकी गच्चीवर. स्वयंपाकघराची लाइन आठ वर्षांपूर्वी जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) काढून सीपीव्हीसीची (गरम पाण्याला चालणारं प्लॅस्टिक) केली. सिंकचा जुना नळ काढून सिंगल लिव्हर मिक्सर, म्हणजे एकाच दांडीने थंड-गरम दोन्ही पाणी सोडणारा नळ, मी स्वतःच बसवला. थंड बाजूला अँगल कॉकपाशी (सिंकखाली भिंतीतून निघणारा छोटा कॉक) नट गळतो. आट्यांवरचा पांढरा टेफ्लॉन टेप दोनदा बदलला, दुसऱ्यांदा तर भरपूर गुंडाळला, पान्याने घट्ट आवळला, तरी अर्ध्या मिनिटाला एक थेंब पडतोच. गरम बाजूची धार करंगळीएवढी. एक प्लंबर पाहून गेला. तो म्हणतो, टाइल फोडून आतला एल्बो (पाईपचा काटकोनी जोड) बदलावा लागेल. खरंच लागेल का?

उत्तर: टाइल फोडू नका, निदान आज तरी. तुमच्या दोन्ही दुखण्यांची कारणं बहुतेक तुमच्याच प्रश्नात आहेत. ‘टेप भरपूर’ आणि ‘पान्याने घट्ट’. मी अठ्ठावीस वर्षं हे काम करतोय आणि घरी केलेल्या नळाच्या कामात गळतीसाठी बोलावणं आलं, की दहापैकी सातआठ वेळा ह्या दोहोंपैकी एक निघतं. उरलेल्या वेळी दोन्ही निघतात.

नळाच्या कामात जोड दोन जातींचे असतात, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. पहिल्या जातीत पाणी आटे अडवतात. आट्यांवर टेप गुंडाळायचा (माझे काका सुतळी आणि सफेदा वापरायचे), नग एकमेकांत पिळत न्यायचा, टेप आट्यांच्या फटीत चेपून बसतो आणि वाट बंद होते. दुसऱ्या जातीत पाणी वायसर अडवतो. दुकानदार त्याला वॉशर म्हणेल, वस्तू तीच. इथे नटाच्या आट्यांचं काम फक्त वायसर दाबून धरण्याचं. त्या आट्यांमधून पाणी पोचायलाच नको, कारण त्याच्या आधी रबर आडवं आहे. अशा जोडावर टेप लावणं म्हणजे कुकरची रिंग विसरायची आणि झाकणाच्या दांड्याला चिकटपट्टी लावायची.

आता तुमचा अँगल कॉक हातात घेतलात तर गंमत दिसेल. ह्या एकाच नगाला दोन्ही जाती आहेत. भिंतीत जाणारं टोक पहिल्या जातीचं, तिथे टेप हवाच. वर किंवा बाजूला निघणारं टोक, ज्यावर नळाकडे जाणाऱ्या पाईपचा नट बसतो, ते दुसऱ्या जातीचं. त्याची तोंडाची कड सपाट असते, ती सपाट असते ती वायसर टेकायला. दोन्हीकडे माप तेच, अर्ध्या इंचाचं, म्हणजे कंपन्या जे 15 मिमी लिहितात ते. दिसायला आटेही सारखे. म्हणून माणूस फसतो आणि दोन्हीकडे टेप गुंडाळतो.

टेप लावल्याने बिघडतं काय? नुसता फुकट गेला असता तर मी एवढं लिहिलं नसतं. त्या आट्यांवर आठदहा वेढे टेप घातला की नट जड जायला लागतो. हाताला वाटतं घट्ट झाला, पान्यालाही वाटतं घट्ट झाला, पण आत वायसर अजून कडेला पुरता टेकलेलाच नसतो. पाणी वायसरच्या बाजूने निघतं, टेपमध्ये शिरतं, जरा वेळ तिथे अडतं आणि मग अर्ध्या मिनिटाला एक थेंब सोडतं. म्हणजे तुमची अवस्था. त्यावर उपाय म्हणून माणूस आणखी टेप लावतो.

तरीही नट उघडण्याआधी एक तपासणी करा. थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं नाही. पाणी नळाच्या बुडातून, पाईपच्या अंगावरून ओघळत येतं आणि सगळ्यांत खालच्या नटाच्या कोपऱ्यावर लोंबतं. दोष वरच्याचा, शिक्षा खालच्या नटाला. सिंकखालचं सगळं फडक्याने पुसून कोरडं करा. मग टिश्यू पेपरची बारीक पट्टी करून वरून खाली एकेका जोडाला टेकवत या: नळाचं बूड, पाईपचं वरचं टोक, पाईपचं अंग, खालचा नट, अँगल कॉकची दांडी, आणि शेवटी भिंतीला टेकलेली चकती. जो जोड पट्टी पहिल्यांदा ओली करेल तो तुमचा चोर. अँगल कॉकची दांडी विसरू नका. मूठ फिरवतो त्या दांडीभोवती ग्लँड, म्हणजे पाणी अडवणारं पॅकिंग असतं. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक एकदम फिरवला की तिथूनही पाझर सुटतो आणि तो पाझर नेमका नटावरच उतरतो. मुठीखालचा छोटा नट किंचित आवळला की बहुधा थांबतो. ज्या कॉकला तसा नट नसतो, त्याच्या आतला स्पिंडल, म्हणजे मुठीने फिरणारा भाग, बदलावा लागतो.

चकतीमागून पाणी येत असेल तरच भिंतीतल्या एल्बोवर संशय घ्यायचा. त्या प्लंबरने चकती सरकवून पाहिलं होतं का, तेवढं आठवा.

आता नट उघडायचा. पाणी बंद करण्याबद्दल दोन शब्द, कारण घरोघरी पहिला गोंधळ इथेच होतो. तुम्हाला फक्त पाईप सोडवायचा असेल तर अँगल कॉक बंद करणं पुरेसं आहे. पण तो बंद होतो का हे आधी पाहा. कॉक बंद करा, नळ उघडा, दोन मिनिटं थांबा. धार पूर्ण तुटली तर ठीक. बारीक रेघ चालूच राहिली तर कॉक बसलेला नाही, आणि नट सोडल्यावर ती रेघ तुमच्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत येईल. मग फ्लॅटचा मेन कॉक बंद करायचा. जुन्या इमारतींत तो डक्टमध्ये (पाईप वरखाली जातात त्या बोळात) किंवा गच्चीवर टाकीपाशी असतो, आणि बऱ्याचदा कुठला कॉक कुणाचा हे फक्त वॉचमनला माहीत असतं. गच्चीवरचा जुना गेट व्हॉल्व्ह पान्याला नळकांडं लावून जोराने फिरवू नका. आतली तबकडी दांडीपासून सुटली तर व्हॉल्व्ह तुम्ही फिरवत राहता आणि पाणी आपलं यायचं तेव्हाच येतं. माझ्या हातून हे एकदा झालेलं आहे, तेही रविवारी, आणि खालून वरपर्यंत सगळी ओळ त्या दिवशी बादल्यांवर होती.

गरम बाजूला भिंतीतला कॉक काढायचा असेल तर गीझरचं बटण आधी बंद करा, आणि मग गीझरला येणारं थंड पाणी. साठवणीच्या गीझरमध्ये आत येणारं थंड पाणीच गरम पाण्याला पुढे ढकलतं, त्यामुळे थंड बंद केलं की गरम धार आपोआप थांबते. एक अपवाद: घरात दुसरा मिक्सर असेल आणि त्याच्या दोन्ही मुठी अर्धवट उघड्या राहिल्या असतील, तर थंड पाणी त्या मिक्सरमधून उलटं गरम लाइनमध्ये शिरतं. ‘गीझर बंद, तरी गरम नळाला पाणी’ हे भुताटकीसारखं वाटणारं प्रकरण बहुतेक वेळा हेच असतं. बाथरूमचा मिक्सर नीट बंद आहे ना, ते पाहून या.

थंड बाजूचा नट सोडा. आट्यांवरचा सगळा टेप काढा, दातांत अडकलेले तुकडे टाचणीने, जुन्या टूथब्रशने. नटाच्या आत बघा. काळा रबरी वायसर असायलाच हवा, आणि एकच. तो नसेल तर उत्तर मिळालं. जुन्या पाईपचा वायसर कॉकच्या तोंडाला चिकटून राहतो आणि नवा पाईप आपला वायसर घेऊन त्याच्यावर बसतो, असंही होतं. दोन वायसर एकावर एक कधी सरळ दबत नाहीत, एक बाजूला सरकतो. मग कॉकच्या तोंडाची कड बोटाने चाचपा. कुठे खाच, गंजाचा खवला, क्षाराचा टवका असेल तर रबर तिथे टेकणार नाही. बारीक पॉलिश पेपर सपाट ठेवून कड दोनचार वेळा घासली की काम होतं. कड तुटलेलीच असेल तर कॉक बदला.

वायसर नवा घ्या. दोनपाच रुपयांच्या वस्तूसाठी जुना उलटा करून लावू नका. उलटा केलेला वायसर पहिल्या दिवशी धरतो, म्हणूनच लोकांचा त्याच्यावर विश्वास बसतो. नट हाताने चढवा, सुरुवातीचे दोन फेरे तर डोळे मिटूनच. आटे बरोबर धरले असतील तर नट बोटांनी लोण्यासारखा जातो. पहिल्याच फेऱ्याला अडला तर आटे तिरके चढलेत. परत काढा. उलट्या दिशेने हळू फिरवत ‘टक्’ असं बारीक बसल्याचं जाणवेल, तिथून सुलटा फिरवा. हाताने जाईल तेवढा नेऊन मग पान्याने पाव फेरा, फार तर त्याहून जरा जास्त. बस. पाईप दुसऱ्या हाताने धरून ठेवायचा, नटाबरोबर तो पिळला जाऊ द्यायचा नाही. पिळलेला पाईप सुटायला बघतो आणि पुढच्या काही महिन्यांत नट तोच ढिला करतो.

पाव फेऱ्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. माझ्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक पोराला वाटतं, आणखी थोडा आवळला तर आणखी चांगला. रबर एका मर्यादेपर्यंत दबून पाणी अडवतं, त्यापुढे ते चेपून आत, भोकाकडे पसरायला लागतं. हे लक्षात ठेवा, गरम बाजूला ह्याची गरज पडणार आहे.

भिंतीतल्या टोकाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण खरं नुकसान तिथे होतं. सीपीव्हीसी लाइनच्या शेवटी जो एल्बो असतो, त्याचं अंग प्लॅस्टिकचं आणि आत आटे असलेली पितळी गोळी बसवलेली. जीआयच्या जमान्यात आम्ही मोठा पाईप पाना लावून लोंबकळायचो, लोखंड सहन करायचं. सीपीव्हीसीत तेवढा जोर लावला तर पितळी गोळी प्लॅस्टिकमध्ये सैल होते किंवा एल्बोला केसासारखी चीर जाते. चीर भिंतीच्या आत. पाणी तुमच्या घरात दिसतच नाही, दुसऱ्या मजल्याच्या छताला पिवळा डाग येतो, आणि मग जिन्यात भेटल्यावर बोलणी सुरू होतात. तुम्ही अजून तो कॉक हलवलेला नसेल आणि चकती कोरडी असेल तर त्याला हात लावू नका. कोरडा जोड उघडायचा नसतो.

हलवावाच लागला, तर ही रीत. जुना टेप पूर्ण काढा. कॉकचं टोक स्वतःकडे करून नवा टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा, म्हणजे पिळताना तो उलगडणार नाही, आणखी आवळेल. टेप ताणून, पहिला दात मोकळा सोडून. किती वेढे हे टेपच्या जाडीवर. बाजारातला स्वस्त टेप इतका पातळ असतो की दहाबारा वेढे लागतात, चांगल्या जाड टेपचे सहासात पुरतात. कॉक हाताने तीनचार फेरे जायला हवा, मग पान्याने. पाना सहा-आठ इंची पुरे, लांब दांड्याचा नको.

आणि आता ती अडचण, जी प्रत्येकाला एकदा येते. कॉक घट्ट झाला, पण त्याचं तोंड वर यायच्या जागी उजवीकडे राहिलं. आणखी पाऊण फेरा जाईना, आणि मागे फिरवलं तर पाव फेऱ्यात सरळ होतंय. मागे फिरवायचं नाही. टेपचा जोड उलटा फिरवला की दबलेला टेप जागा सोडतो आणि तो जोड आज ना उद्या पाझरतोच. पूर्ण काढा, टेप नवा लावा, एकदोन वेढे कमीजास्त करा, पुन्हा बसवा. मी स्वतः एका कॉकसाठी तीनतीन वेळा काढून बसवलेला आहे आणि गिऱ्हाईक घड्याळाकडे बघत उभं राहिलेलं आहे. टाइलमुळे एल्बो भिंतीत आत गेला असेल तर मध्ये एक्स्टेंशन निपल, म्हणजे लांबी वाढवणारा आट्यांचा तुकडा, लागतं. ते पितळीच घ्या आणि जेवढ्या खोलीचं हवं तेवढंच एक घ्या. एकाला एक जोडून खोली गाठली की भिंतीत गळण्याच्या जागा वाढत जातात.

सीपीव्हीसीच्या बाबतीत आणखी एक: नट अडकलाय म्हणून स्वयंपाकघरातलं तेल सोडू नका. जुन्या पद्धतीचा, जवसाच्या तेलात कालवलेला सफेदाही नको. वनस्पती तेलांनी सीपीव्हीसी हळूहळू ठिसूळ होऊन तडकतं. जीआयला जे चालायचं ते सगळं इथे चालत नाही, आणि आमच्या धंद्यातल्या जुन्या हातांना हे पचायला वेळ लागला.

गरम बाजूची बारीक धार. आधी अपेक्षा किती ठेवायची ते ठरवू. पाण्याचा दाब उंचीने येतो, दर 10 मीटरला साधारण 1 बार (बार हे दाबाचं माप). तुमच्या सिंकपासून टाकीच्या पाण्यापर्यंत वरचा मजला आणि टाकीचा चौथरा धरून सहासात मीटर असतील, म्हणजे 0.6-0.7 बार. सिंगल लिव्हर मिक्सर ऐटीत चालायला बरेचदा 1 बारच्या आसपास दाब मागतात. तेव्हा हॉटेलात मिळते तशी धार तुमच्याकडे थंडलाही मिळणार नाही. जुन्या पितळी नळाचं भोक मोठं होतं, नव्या मिक्सरच्या आतल्या काडतुसाच्या, म्हणजे लिव्हरखालच्या पाणी सोडणाऱ्या-अडवणाऱ्या भागाच्या, वाटा बारीक असतात. चौथ्या मजल्यावरचे लोक मिक्सर लावतात आणि मग प्रेशर पंप शोधत फिरतात. नळ घेताना कमी दाबाला चालतो का, हे दुकानात विचारावं, पण तुमचा आता बसलाय.

मात्र थंड धार ठीक आणि गरम करंगळीएवढी, हा फरक निव्वळ दाबाचा नाही. गरम पाणी गीझर फिरून येतं, म्हणून ते थोडं कमी असणारच, पण एवढं नाही. माझा पहिला संशय तुमच्या पान्यावर. गरम बाजूचा नटही तुम्ही तसाच आवळला असणार. वायसर चेपून भोकावर आला की मधे फक्त गव्हाच्या दाण्याएवढी वाट उरते. गळती नाही, सगळं कोरडं, आणि पाणी नाही. नट सोडून वायसर बघा. भोक लंबगोल किंवा मिटलेलं दिसलं तर निदान झालं.

तिथे काही निघालं नाही तर एकेक पायरी मागे जा. नळाच्या तोंडाची जाळी काढा, धार सुधारली तर कचरा जाळीत आहे. काम करताना लाइनमधले क्षाराचे खवले आणि टेपचे तुकडे नेहमी तिथेच येऊन बसतात. सुधारली नाही तर गरम पाईपचं नळाकडचं टोक सोडून बादलीत धरा आणि कॉक उघडा. इथे जोरदार आलं तर अडथळा नळात आहे. इथेही बारीक आलं तर पाईप काढून थेट कॉकचं तोंड बघा, त्याला बादली आणि वरून फडकं, नाहीतर समोरच्या कपाटातल्या डब्यांची आंघोळ होईल. कॉकमधूनच बारीक येत असेल तर कॉकच्या आत किंवा त्याच्याही मागे, गीझरच्या तोंडाशी, क्षार आहे. गीझरला थंड पाणी आत घेणारा एकेरी व्हॉल्व्ह असतो. बोअरच्या किंवा टँकरच्या कठीण पाण्यावर चालणाऱ्या इमारतींत तो चुनकळीसारखा भरून जातो. तुमचं पाणी बहुतेक महापालिकेचं असल्यामुळे हे मी शेवटी ठेवलंय.

पाईपकडे बघताना तो कुठे मुडपलाय का तेही बघा. सिंकखाली पिंप आणि डब्यांच्या गर्दीत पाईप मागे ढकलला जातो आणि वाकून त्याला घडी पडते. 18 इंचाच्या जागी 24 इंची घेतला की अशी वेटोळी होतात, आणि 18 इंची कमी पडत असताना ताणून लावला की नट तिरका ओढला जातो. दोऱ्याने माप घ्या, थोडी सैल कमान धरून, आणि त्या मापाचा आणा.

कनेक्शन पाईप ही घरातली सगळ्यांत दुर्लक्षित वस्तू. बाहेरून चकचकीत स्टीलची वेणी दिसते, पण पाणी धरून असते आतली रबरी नळी. गरम बाजूला पांढरा पीव्हीसीचा पाईप कधीच लावू नका, तो मऊ पडून टोकातून सुटतो. वेणीचा पाईप घेताना नट उचलून बघा: पितळी नट वजनाला कळतो, आणि क्रोम मारलेला प्लॅस्टिकचा नट नखाने टकटक केलं की आवाजाने ओळखू येतो. टोकाची आवळलेली नळी पितळी किंवा स्टीलची, तिला गंजाचा डाग नको. आणि सिंकखाली अ‍ॅसिडची, टॉयलेट क्लीनरची बाटली ठेवत असाल तर ती आजच हलवा. तिच्या वाफेने स्टीलची वेणी तुटायला लागते. एकेक तार तुटून वर आलेली दिसली, बोटाला टोचली, तर पाईप बदलायचा. तसं काही दिसत नसलं तरी पाचसहा वर्षांनी मी बदलतोच.

हे मी शहाणपणाने शिकलो असं नाही. धंद्यात तिसरं वर्ष असेल. एका घरी बेसिनचा पाईप बदलला, नट हलक्या जातीचा होता आणि मी जोर लावला. काही झालं नाही, एक थेंब नाही, पैसे घेऊन घरी आलो. नटाला बारीक चीर गेली होती. ती रात्री दोन वाजता, टाकी पूर्ण भरल्यावर, फाकली. घरातली माणसं लग्नाला गावी गेलेली. सकाळी खालच्या आजींनी वॉचमनला बोलावलं तोवर त्यांच्या स्वयंपाकघरात तांदळाची कोठी भिजून गेली होती. कोठी भरून तांदूळ दिला, रंगाचे पैसे दिले. तेव्हापासून पान्याचा दांडा मी मुठीत धरत नाही, तीन बोटांत धरतो. गावी जाताना फ्लॅटचा मेन कॉक बंद करायचा, हेही मी तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. ऐकतात निम्मे.

मिक्सरच्या बुडाशी जे दोन बारीक पाईप नळाबरोबर येतात, त्यांचंही सांगतो, तुमची टिश्यूची पट्टी तिथे ओली झाली तर उपयोगी पडेल. त्यांचं नळात जाणारं टोक बारीक, 10 मिमी आट्याचं, आणि त्याला रबरी ओ-रिंग असते. इथेही टेप नाही. हाताने बसवायचे, ओ-रिंगला किंचित पाणी लावून. दोन पाईपांपैकी एकाची दांडी आखूड आणि एकाची लांब असते, ती चूक नव्हे. भोकं इतकी जवळ असतात की दोन्ही नट एका उंचीवर मावत नाहीत, म्हणून आधी आखूड बसवायचा, मग लांब. पक्कड लावून पिळलात तर ओ-रिंग कापली जाते. शिवाय ह्याच पाईपांचं दुसरं टोक बहुधा अर्ध्या इंची नटाचं, थेट अँगल कॉकवर बसणारं असतं. दुकानदाराने तुम्हाला वर आणखी दोन कनेक्शन पाईप आणि जोडनिपल दिली असतील आणि नळाचे पाईप पोचत असतील, तर ती परत करा. जेवढे जोड कमी तेवढी झोप चांगली.

जाताजाता, ज्यांची मुलं परदेशी आहेत त्यांच्यासाठी. अमेरिकेहून हौसेने आणलेला नळ इथे जोडायला घेतला की पंचाईत होते. तिथल्या स्वयंपाकघरातल्या नळांचे पाईप बहुतेक 3/8 इंची कॉम्प्रेशन जोडाचे असतात, आपल्या अर्ध्या इंची कॉकवर ते बसतच नाहीत, जोडणारा अ‍ॅडॅप्टर लागतो. अर्ध्या इंची आटे मिळाले तरी ते वेगळ्या जातीचे. इंचाला दात दोन्हीकडे 14, पण आपल्या ब्रिटिश पद्धतीच्या आट्याचा कोन 55 अंश आणि त्यांचा 60. दोनतीन फेरे छान चढतो, माणूस खूश होतो, आणि मग अडतो किंवा गळतो. जोर लावून दोन्हीचे आटे मारू नका.

सगळं परत जोडलंत की पाणी एकदम सोडू नका. आधी नळाची जाळी काढून ठेवा, लिव्हर मधोमध उघडा आणि मग दोन्ही कॉक हळूहळू उघडा. लाइनमधली हवा खोकत बाहेर पडेल, कचरा निघेल, धार स्वच्छ झाली की जाळी लावा. आता नळ बंद करा, म्हणजे पाईपांवर पूर्ण दाब येईल. गळतीची परीक्षा नळ बंद असतानाच होते, चालू असताना नाही. सिंकखाली कालचं वर्तमानपत्र पसरा आणि रात्रभर तसंच ठेवा. कागदावरचा थेंब वाळला तरी गोल सुरकुती राहते, फरशीवरचा थेंब उडून जातो आणि तुम्ही गाफील राहता. शक्यतो टाकी काठोकाठ भरल्यानंतरची रात्र निवडा.

कागद कोरडा निघाला तर टाइलचा विषय संपला. गरम बाजूसाठी एक मोजमाप करून कळवा: दहा लिटरची बादली लिव्हर पूर्ण थंडकडे ठेवून किती सेकंदांत भरते, आणि पूर्ण गरमकडे ठेवून किती. वायसर बदलल्यावरही गरमला दुपटीहून जास्त वेळ लागत असेल, तर गीझरची लाइन कुठून कशी येते त्याचा कागदावर काढलेला साधा नकाशा आणि गीझरच्या खालच्या बाजूचा फोटो पाठवा. मग त्या एकेरी व्हॉल्व्हकडे बघू.